टोकाला उभा राहणारा माणूस

वॉल्टरसाहेब दारातून कधी सरळ आत आले नाहीत. आधी उजवा खांदा यायचा, मग डोकं थोडं खाली वाकायचं आणि मग बाकीचे साहेब. अल हिलालमधल्या त्या व्हिलाची दारं काही अरुंद नव्हती. आमच्या ह्यांनी त्याच दारातून मॅडमचं कपाट आडवं आत नेलं होतं. पण साहेबांचं अंगच तसं वळलं होतं. दोन माणसांच्या मधून खांदा घालून वाट काढायची, हेच काम त्यांनी अमेरिकेत अकरा वर्षं पोटासाठी केलं होतं.

मी त्या घरात स्वयंपाक करायची. आमचे हे, म्हणजे महादेव, गाडी चालवायचे. व्हिलाच्या मागच्या अंगाला आम्हा दोघांना एक खोली होती. मॅडम डॉक्टर. त्यांना इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून साहेब त्यांच्यामागून कतारला आले. एका शाळेत दुपारपर्यंत मुलांना खेळ शिकवायचे आणि मग घरी येऊन स्वयंपाकघरात उभे राहायचे. पहिले काही महिने मला फार अवघडायचं. एवढा मोठा पुरुष शेजारी येऊन उभा राहतो, बोलत काही नाही. गॅसचा सिलिंडर हलवायला मी खाली वाकले की तो आधीच हललेला असायचा. तांदळाचं पोतं उचलावं म्हटलं तर ते डब्यात रिकामं झालेलं असायचं. मी 'थँक्यू' म्हणायच्या आत साहेब बाहेर गेलेले.

त्यांच्या हाताची बोटं सरळ नव्हती. करंगळी एकीकडं, अंगठा दुसरीकडं, मधलं बोट मधल्या पेरात वाकलेलं. चहाच्या कपाचा कान त्यांना धरता यायचा नाही. मी एकदा न विचारता आमच्या खोलीतला स्टीलचा मोठा पेला आणला आणि त्यात चहा दिला. दोन्ही तळहातांत धरून त्यांनी तो प्यायला आणि त्या दिवसापासून मॅडमचे फुलाफुलांचे कप पाहुण्यांसाठी राहिले. चहा भरपूर आलं घातलेला लागायचा. भाकरी आवडायची. ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण पुन्हा मागायचे.

मला ते ताई म्हणायचे. आमच्या ह्यांनी एकदा शिकवलं की बाईला मानानं असं म्हणतात, तेव्हापासून. मी त्यांना साहेब म्हणायची. त्यांना ते आवडायचं नाही, पण दुसरं काही माझ्या तोंडातून निघत नव्हतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळं इंग्रजी मला बोलता येत नाही. पण साहेब सावकाश बोलायचे, थोडं हिंदी मिसळायचे, आणि राहिलं ते आमचे हे सांगायचे. दुसऱ्या वर्षी मला जवळजवळ सगळं कळायला लागलं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

त्यांचा खेळ, तो अमेरिकेतला फुटबॉल, काय होता ते त्यांनी मला ओट्यावर दाखवलं. मी लिंबं निवडत होते, त्यातली पाच त्यांनी एका ओळीत मांडली.

"यांचं काम समोरच्याला अडवायचं. बॉलला हात लावायचा नाही," ते म्हणाले. मग लांब, ओट्याच्या कडेला, दोन मिरच्या ठेवल्या. "यांचं काम पळायचं आणि बॉल झेलायचा. कोणाला अडवायचं नाही." मग टोपलीतला एक मोठा बटाटा घेतला आणि लिंबांच्या ओळीला अगदी चिकटून टोकाला ठेवला. "हा मी. टाईट एंड."

"बटाट्याचं काम काय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"दोन्ही. आधी अडव. मग सुट. मग झेल. कधी कधी नुसतंच अडव, आणि झेलायचं नाव नको."

"म्हणजे लिंबांना वाटणार हा मिरची आहे, आणि मिरच्यांना वाटणार हा लिंबू आहे," हे म्हणाले.

साहेब इतके हसले की मॅडम वरून खाली बघायला आल्या.

टोक त्यांनी कधी सोडलं नाही. जेवायच्या टेबलावर कडेची खुर्ची त्यांची. मॅडमनी कितीदा सांगितलं की घरच्या माणसानं मधे बसावं, पण ते उठून पुन्हा कडेला. फोटोतही तसंच. शाळेच्या फोटोत सगळे शिक्षक समोर बघताहेत आणि साहेब टोकाला उभे राहून ओळीकडं बघताहेत. मी विचारलं नाही, पण ह्यांनी विचारलं. तर म्हणाले, "टोकाला उभं राहिलं की सगळे दिसतात."

आणखी एक सवय म्हणजे फेकायला लावायची. मी कांदा हातात द्यायला गेले की म्हणायचे, "ताई, फेक." मी जन्मात कधी पुरुषाच्या अंगावर काही फेकलं नव्हतं. मी मान खाली घालून तशीच हात पुढं करून उभी राहायची आणि ते मागं मागं सरकत जायचे. एकदा वैतागून मी फेकलाच. तो भलतीकडं गेला, साहेब वाकले, बोटांना लागून कांदा फ्रीजखाली गेला. माझा तर जीवच गेला. साहेब गुडघ्यावर बसून, कण्हत, फ्रीजखालून कांदा काढत म्हणाले, "चांगला टाकला होतास. तो माझा होता."

मी कसा टाकला होता ते मला माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं असं की बोटांना लागला म्हणजे झेलणाऱ्याचा. पुढं मी कांदे, बटाटे, टोमॅटो, सगळं फेकायला शिकले. झेलताना ते वस्तू हातात पूर्ण येईपर्यंत तिच्याकडं बघत राहायचे. आल्यावरही क्षणभर बघायचे. मग सुरी घ्यायचे.

असं का बघायचे ते मला एका जेवणाच्या वेळी कळलं. मॅडमच्या कामावरचे एक अमेरिकन डॉक्टर घरी जेवायला आले होते. मी फुलके वाढत होते. ते पाहुणे साहेबांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही तेच ना? तो बॉल सोडणारे?"

मॅडमचा चमचा ताटात तसाच राहिला. पाहुण्यांनी खिशातून फोन काढला आणि शोधून टेबलावर ठेवला. मी वाढता वाढता पाहिलं. तरुण साहेब, डोक्यात टोप घातलेले, रेषेच्या आत एकटेच उभे. बॉल येतो, त्यांच्या हातात बसतो आणि निसटतो. मग लोकांनी भरलेलं सगळं मैदान डोक्याला हात लावतं. नुसता तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा तेच.

"हो, मीच तो," साहेब म्हणाले. त्यांनी फोन स्वतःकडं ओढून नीट बघितला. "बघा तरी, किती मोकळा आहे मी. आजूबाजूला कोणी नाही. तिथं जाऊन मोकळं उभं राहणं किती अवघड असतं माहीत आहे?"

साहेबांनी फोन परत दिला आणि माझ्याकडं ताट पुढं केलं. "ताई, फुलका." मी ताटात वाढायला गेले तर त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं. पाहुण्यांसमोर मी फुलका थोडा फेकला. त्यांनी झेलला.

त्या सामन्यात त्यांची टीम हरली आणि त्यामुळं शेवटच्या मोठ्या सामन्याला त्यांना जाता आलं नाही, हे मला मागाहून ह्यांनी सांगितलं. लोकांनी त्यांच्या अंगणात कचरा टाकला होता. पुढच्या हंगामाआधी साहेब न्हाव्याच्या खुर्चीत बसले असताना फोन आला, की तुम्हाला दुसऱ्या गावच्या टीमला दिलंय. अर्धे केस कापलेले, तसेच उठले.

हे सगळं मला सांगताना आमचे हे गाडी पुसत होते. शुक्रवार होता. त्या दिवसांत दर शुक्रवारी हे गाडी धुवायचे, पुसायचे, आणि पुसून झाली की पुन्हा पुसायचे.

त्याचं कारण मला माहीत होतं. आधी दर शुक्रवारी हे बरवा अल बराहाला कबड्डी खेळायला जायचे. तिथं कामगारांची वसाहत आहे. आमच्या साताऱ्या-सांगलीची कितीतरी पोरं तिथं राहतात. कोणी वेल्डर, कोणी पाइप जोडणारा, कोणी ड्रायव्हर. बायकापोरं गावाकडं. त्यांची टीम होती आणि ह्यांची जागा उजव्या कोपऱ्यात. मागच्या हिवाळ्यात हरियाणावाल्यांशी शेवटचा सामना होता. शेवटची चढाई त्यांची. त्यांचा तो उंच गडी, ज्याला सगळे लंबू म्हणत, ह्यांच्या कोपऱ्यात आला, ह्यांनी घोटा धरला आणि तो सुटला. कोणीतरी फोनवर काढलं होतं. ह्यांचे दोन रिकामे हात आणि लंबू रेषेपलीकडं. ते सगळ्या ग्रुपवर फिरलं, खाली हसणारी तोंडं. गावाकडं माझ्या भावालासुद्धा गेलं. त्यानंतर ह्यांनी खलास म्हटलं. पुन्हा मैदानाचं नाव काढलं नाही. चाळिशीचा माणूस मुलासारखा रुसतो का, असं मला आधी वाटायचं. पण हे रुसले नव्हते. दुपारी खोलीत पडल्या पडल्या हात वर धरून बघायचे.

एक दिवस साहेबांनी विचारलं, "महादेव, तू आधी शुक्रवारी कुठं जायचास?"

ह्यांनी सांगितलं. फोनवरचं दाखवलंसुद्धा. साहेबांनी ते एकदाच बघितलं आणि म्हणाले, "मला तिथं ने. ताईला पण."

मी गाडीतून उतरले नाही. तिथं सगळे पुरुषच. काच थोडी खाली करून बसले. वाळूच्या मोकळ्या जागेत चुन्यानं रेषा मारलेल्या, कडेला पाण्याच्या बाटल्यांचे खोके. साहेब उतरले तर खेळच थांबला.

"म्हादेवदादा, हे कुठलं क्रेन आणलं?" एकानं विचारलं.

"आपल्या बाजूनं उभा करा राव. रेड टाकायला जागाच उरणार नाही," दुसरा म्हणाला.

किसन म्हणून सांगलीचा पोरगा होता. हे कोपऱ्यात आणि तो ह्यांच्या शेजारी, ह्यांचा हात धरून खेळायचा. तो गाडीपाशी आला. "वहिनी, दादांना सांगा की. आमचा कोपरा वर्षभर उघडा पडलाय. तिथं उभा करतो त्याला धरायचं कुठं तेच कळत नाही."

मी काय सांगणार? साहेब मात्र वाळूत मांडी घालून बसले होते, गुडघे दुखत असताना. त्यांची नजर चढाई करणाऱ्यावर नव्हती. एकमेकांचे हात धरून उभ्या राहिलेल्या गड्यांवर होती. परत येताना गाडीत ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "हात धरतात. हे लोक हात धरून खेळतात."

घरी आल्यावर लिंबं काढली. साहेब म्हणाले, "मागच्या वर्षीचं मांड."

ह्यांनी मांडलं. लंबूसाठी मिरची. स्वतःसाठी बटाटा घेतला नाही, लिंबूच घेतलं. शेजारी किसनचं लिंबू. मिरची दोघांच्या मधे आणली.

"कोणाचा होता?" साहेबांनी विचारलं.

"माझा," हे म्हणाले.

"मी व्हिडिओ बघितलाय. किसन पण वाकला. त्यानं तुझा हात ओढला, म्हणून तुझी पकड सुटली. आता सांग, कोणाचा होता?"

ह्यांनी किसनचं लिंबू उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "ठरलंच नव्हतं."

तेव्हा साहेबांनी त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. ओळीत उभं राहिलं की समोरचा माणूस तुमच्या आणि शेजारच्याच्या मधून घुसतो. तो कोणाचा हे तो हलायच्या आधी ठरायला पाहिजे. टाईट एंड शेजारच्याला हलकेच खूण करतो. हा माझा, तो तुझा. एवढं चुकलं की मागे उभा असलेला बॉल फेकणारा माणूस मोडतो. साहेब म्हणाले, "अकरा वर्षं मी मुख्य काम हेच केलं. बॉल झेलणं मधूनमधून."

आधी त्यांनी पोरांना 'माझा' म्हणून ओरडायला शिकवलं. ते एका दुपारीच फसलं. ओरडलं की चढाईवाल्याला कळायचं आणि तो दुसरीकडं पळायचा. पोरं हसून लोळली. मग साहेबांनीच डोकं चालवलं. हात तर धरलेलेच असतात. एकदा दाबला तर माझा. दोनदा दाबला तर तुझा. समोरच्याला काही दिसत नाही.

पुढचे कितीतरी शुक्रवार साहेब त्या वाळूत होते. सगळे त्यांना कोच म्हणायला लागले. कोणाची कंबर वर राहिली की ते त्याच्या पाठीवर आपला हात ठेवायचे, आणि तो हात ठेवला की माणूस आपोआप खाली जायचा. त्यांना मराठी दोनच शब्द नीट यायचे, माझा आणि तुझा. तेवढ्यावर ते तासन्‌तास बोलायचे. पोरं त्यांना डब्यातलं कालवण वाढायची. कोणी विचारायचं, "कोच, या वर्षी जिंकणार का?" साहेब म्हणायचे, "इन्शाल्ला. पण कंबर खाली घे."

हे मात्र कडेलाच उभे. गाडी चालवायची, पाणी द्यायचं, चुना मारायचा. कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही. सामना जवळ आला तसा किसन रोज फोन करायचा. साहेबांनी एकदाही म्हटलं नाही, खेळ.

शेवटी ह्यांनीच विषय काढला. स्वयंपाकघरात, मी कणीक मळत होते. "पुन्हा सुटला तर, साहेब?"

साहेब पेल्यातला चहा पीत होते. "मला दुसऱ्या टीमनं घेतलं तेव्हा सांगितलं, तू आता फक्त अडवायचं. तुझ्याकडं बॉल येणार नाही. चार वर्षं तिथं खेळलो. एकदाही माझं नाव कोणी पुकारलं नाही. महादेव, ती माझी सगळ्यात चांगली चार वर्षं."

"बॉल न मिळता?"

"माझ्या शेजारचा माणूस रोज मला विचारायचा, उद्या आहेस ना? लोकांना माझा तो एक बॉल आठवतो. त्या माणसाला मी आठवतो. अजून ख्रिसमसला फोन करतो."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेटीतून खेळायची चड्डी काढून माझ्यापुढं ठेवली. इलॅस्टिक सैल झालं होतं. मी नवीन घालून दिलं.

सामन्याला मी गाडीतच होते, पण काच पूर्ण खाली केली होती. साहेबांनी जाताना वाकून मला सांगितलं होतं, "ताई, सगळे चढाईवाल्याकडं बघतील. तू टोकाकडं बघ."

गुण सारखे झाले. शेवटची चढाई त्यांची आणि आला लंबूच. गेल्या वर्षीसारखा सरळ उजव्या कोपऱ्यात. हरियाणावाले आधीच नाचायला लागले होते. कोणीतरी ओरडलं, "ए, ह्याच्याच हातातून सुटला होता." सगळे फोन वर झाले.

मी टोकाकडं बघत होते. ह्यांचा डावा हात किसनच्या हातात होता. तो हात मी बघितला. एकदा दाबला. आणि लगेच पुन्हा दाबला.

लंबूनं दोघांच्या मधे पाय टाकला. किसन खाली गेला आणि घोट्याला चिकटला. हे वाकलेच नाहीत. हात सोडून पुढं धावले आणि लंबू आणि मधली रेषा यांच्या मधे जाऊन उभे राहिले, कंबर खाली, उजवा खांदा पुढं. अगदी साहेब दारातून येतात तसे. लंबू किसनला ओढत ओढत आला आणि ह्यांच्या खांद्यावर आदळला. तिथंच थांबला. मग बाकीचे येऊन पडले.

पोरांनी किसनला खांद्यावर घेतलं. जे व्हिडिओ फिरले त्यांत किसनचेच हात आहेत, घोट्याला धरलेले. हे त्यांत कुठं कडेला अर्धे दिसतात. गर्दीत किसन ओरडत होता, "दादांनी दिला मला." पण कोणी ऐकत नव्हतं. हे वाळूत बसून खांदा चोळत होते आणि हसत होते. साहेब त्यांच्यापाशी गेले. शेजारी बसले, टोकाला.

पुढच्या उन्हाळ्याआधी मॅडमची नोकरी संपली. ह्यांना एका कंपनीत ड्रायव्हरचं काम मिळालं, मला फरीज बिन ओमरानमध्ये एका घरी स्वयंपाकाचं. ही दोन्ही कामं साहेबांनीच आधी बघून ठेवली होती. आम्ही सांगायच्या आत.

विमानतळावर मीही गेले. स्टीलचा पेला मी कपड्यांत गुंडाळून साहेबांच्या पिशवीत घातला होता, न सांगता. मॅडमनी मला जवळ घेतलं. साहेबांनी माझ्यापुढं हात केला नाही. मी लाजते हे त्यांना माहीत होतं. चार पावलं मागं सरकले आणि दोन्ही हात पुढं धरून उभे राहिले. माझ्याकडं फेकायला काही नव्हतं. पिशवीत वाटेसाठी बांधलेलं एक संत्रं होतं, ते काढून मी फेकलं. एवढ्या माणसांत. त्यांनी झेललं, क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि खिशात टाकलं.

मग ह्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ धरला होता. "यल्ला," म्हणाले, चला अशा अर्थानं, आणि काचेच्या दाराकडं गेले. दार आपोआप उघडलं, भलंमोठं, दोन गाड्या शेजारून जातील एवढं. साहेब उजवा खांदा पुढं करून, डोकं थोडं वाकवून आत गेले.

गाडीत बसल्यावर ह्यांनी चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. आपल्या हाताकडं बघत होते.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"काही नाही. दोनदा दाबला."

बाहेर आल्यावर मला वाटलं आपण घरी चाललोय. पण शुक्रवार होता, आणि ह्यांनी गाडी बरवा अल बराहाकडं वळवली.